विसाची बंदूक आणि मंडळाची पातेली

चोरी झाल्याचं कळलं ते सुमित्राच्या तेराव्याच्या दिवशी, आणि तेही सगळ्यांचा चहा पिऊन झाल्यावर.

हॉलमधून घरची माणसं दुपारी परतली. सुमित्राच्या मुलानं, प्रसन्ननं, गाडी ड्राइव्हवेत वळवली तर गॅरेजचं दार सताड उघडं. पण कुणाच्या मनात काही आलं नाही. महाराष्ट्र मंडळाची मोठी पातेली, परात, झारे, चहाची टाकी, सगळं जगन्नाथच्या गॅरेजमध्ये असतं हे अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होतं. गणपती असो, मुंज असो, ज्याला लागतील त्यानं न्यावीत आणि धुऊन आणून ठेवावीत. दाराचा नंबर त्याच्या बायकोनं, सुमित्रानंच ठरवला होता, चार आकडी, बटणांची मधली उभी ओळ, वरून खाली. हातात पातेलं असलं, बोटांत हातमोजे असले, तरी कोपरानं दाबता आला पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी पातेली थोडी सरकवलेलीही होती. तेव्हा हॉलमधली भांडी आपल्याआधी कुणीतरी आणून टाकली असणार, असंच सगळ्यांना वाटलं. जगन्नाथला तर बरंच वाटलं.

आत शिरताना मालिनीनं सवयीनं हाक मारली, "ताई, आलो गं."

मग तिचा एक बूट पायात आणि एक हातात, अशी ती तिथंच उभी राहिली. सगळे गप्प झाले. मालिनी सुमित्राची धाकटी बहीण. त्या घरात ती काय किंवा दुसरं कुणी काय, गॅरेजमधूनच येई आणि दारातूनच हाक मारी. काकू, मावशी, ताई, ज्याचं जे नातं असेल ते. स्वयंपाकघरातून सुमित्राचं उत्तर ठरलेलं, "कोण गं?" पुरुष आला तरी ती 'गं'च म्हणायची. बेल वाजवायचा तो फक्त पार्सलवाला.

चहा झाला, कप विसळून झाले. मालिनीला थंडी वाजत होती म्हणून प्रसन्नची बहीण दीपा शाल आणायला वर गेली आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, जरा वर या." तिचा आवाज ऐकूनच जगन्नाथनं कठडा धरला.

कपाटाचे खण जमिनीवर पडले होते. पाटल्या गेल्या, तोडे गेले, सुमित्राच्या आईची वज्रटीक गेली. हॉस्पिटलनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत दिलेलं मंगळसूत्र पिशवीसकट गेलं. ती पिशवी जगन्नाथनं अजून उघडलीही नव्हती.

पोलीस आला, सभ्यपणे बोलला. कुठलं दार फोडलंय, असं त्यानं विचारलं. कुठलंच नाही. मग नंबर कुणाकुणाला माहीत आहे? जगन्नाथ म्हणाला, सगळ्यांना. सगळे म्हणजे कोण, पोलिसानं विचारलं. त्यानं तीस वर्षं अमेरिकन पोस्टात टपाल वेगळं केलं होतं, गावातली निम्मी आडनावं त्याला पत्त्यांसकट पाठ होती. त्या घडीला एकही आठवेना. आणि घर किती वाजता रिकामं असणार हे तर प्रसन्ननंच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं. अमुक हॉल, अमुक वेळ, सर्वांनी यावं. पोलिसानं तेही टिपून घेतलं. तेव्हापासून प्रसन्न वडिलांशी बोलताना त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होता.

संक्रांत झाल्यावर, जानेवारीच्या शेवटी, प्रसन्न टेक्सासातल्या अर्विंगहून पुन्हा आला. येण्याचं कारण त्यानं फोनवरच सांगितलं होतं. बाबांसाठी बंदूक घ्यायची. ते ऐकून शनिवारी सकाळी दीपाही तासाभरावरच्या शॉमबर्गहून मुलीला घेऊन येऊन थडकली. मालिनी गावाच्या पलीकडच्या टोकाला तिच्या कॉन्डोच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची, तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती पोह्यांच्या वासानं आल्यासारखी आली. अंगात सुमित्राचा जांभळा कोट होता. तेराव्यानंतर दीपानंच तिला तो दिला होता.

बाहेर बर्फ पडत होतं. प्रसन्नची मांडणी तयार होती. चोर एकदा आलेल्या घरी पुन्हा येतात, कारण त्यांना घर माहीत झालेलं असतं. सोनं असतं म्हणून देशी माणसांची घरं हेरली जातात. पोलीस यायला वेळ लागतो. त्याच्या स्वतःच्या घरी टेक्सासात बंदूक आहे, सेफमध्ये असते, त्याबद्दल आजवर कुणाला काही वाटलेलं नाही.

"आम्हाला कुणी विचारलंच नाही, दादा," दीपा म्हणाली. "मग काही वाटलं तरी सांगणार कुणाला?"

तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्याकडे बेसमेंटमध्ये खोली आहे, स्वतंत्र बाथरूम आहे. बाबांनी तिच्याकडे यावं आणि घर विकायला काढावं. सत्तरी उलटलेल्या, बायको जाऊन दोन महिनेही न झालेल्या माणसाच्या हातात बंदूक द्यायची कल्पना ज्याला सुचली तो दीड हजार किलोमीटरवर राहतो, हे तिला त्याच्या सोयीचं वाटत होतं, आणि तसं ती बोललीही.

मालिनीनं अचानक प्रसन्नची बाजू घेतली. एकट्या माणसाला काय वाटतं ते एकट्यालाच माहीत, ती म्हणाली. मलाही एखादी सुचव, रे. हलकी बघ.

"मावशी, मिक्सर घेतल्यासारखं बोलू नकोस," दीपा म्हणाली.

"मिक्सरनं माझं बोट कापलंय. बंदुकीनं अजून मला काही केलेलं नाही."

इला हसली. ती दीपाची मुलगी, कॉलेजचे अर्ज करून निकालाची वाट बघत होती आणि सध्या घरातल्या कुठल्याही वादात तिला रस होता. पण मालिनी हे का बोलली ते जगन्नाथला कळत होतं. तो शॉमबर्गला गेला की या गावात मालिनीचं कुणीच उरणार नव्हतं.

सगळे त्याच्याबद्दल बोलत होते आणि तो पोहे खात होता. खाऊन झाल्यावर त्यानं खिशातून पाकीट काढलं, लायब्ररीच्या कार्डामागचं दुसरं कार्ड ओढून टेबलावर ठेवलं. इलिनॉयमध्ये बंदूक बाळगायची तर राज्याचं कार्ड लागतं. ते त्याच्या नावाचं होतं, फोटोसकट.

प्रसन्ननं ते उचललं, उलटंसुलटं केलं. "बाबा, हे कधी?"

"चोरी झाली त्याच आठवड्यात. लायब्ररीत बसून अर्ज केला."

"मला नाही सांगितलंत," दीपा म्हणाली.

"तू नको म्हणाली असतीस."

ती उठली, सिंकशी जाऊन उभी राहिली. जगन्नाथला तिला खरं सांगता आलं असतं, पण ते सांगायची त्याला लाज वाटत होती. दुपारी तो खुर्चीत बसलेला असताना गॅरेजची मोटर घरघरायची. आत कुणीतरी हलायचं. बोलणं नाही, हाक नाही. तो धीर गोळा करून उठेपर्यंत दार पुन्हा खाली यायचं. जाऊन बघावं तर काही गेलेलं नसे, कधी पातेली जरा सरकलेली. चोर येऊन घर चाचपून जातोय, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. चार-पाच वेळा झालं. वरच्या खोलीत झोपणं त्यानं सोडलं होतं. खुर्चीतच, दिवा लावून, तो डोळे मिटून पडायचा. ज्या घरात इतकी वर्षं दाराकडे पाठ करून जेवला त्या घरात आता त्यानं आपली खुर्ची फिरवून घेतली होती.

दीपा सिंकपासून परत आली तेव्हा तिचा आवाज उतरला होता. "ठीक आहे. घ्या. पण आधी गॅरेजचा नंबर बदला. आजच."

"ते तर आलंच," प्रसन्न म्हणाला. "इट्स अ गिव्हन. मधली ओळ वरून खाली हा काय नंबर आहे? येणारा-जाणारा कुणीही दाबेल."

सकाळपासून बहीणभाऊ पहिल्यांदाच एका बाजूला आले. आणि नेमकं तिथं जगन्नाथ म्हणाला, "नंबर बदलायचा नाही."

कुणाला कळलं नाही, त्याला नीट ऐकू आलंय की नाही. प्रसन्ननं पुन्हा समजावलं. बदलायला दोन मिनिटं लागतात. मंडळाची भांडी हवी त्यानं फोन करून यावं. जगन्नाथनं मान हलवली. मालिनी लगेच म्हणाली की भाऊजींचं बरोबर आहे, ताईनं कुणाला कधी फोन करून यायला लावलं नाही.

"मावशी, तू एक काहीतरी ठरव," दीपा म्हणाली. "बंदुकीच्या बाजूला आहेस की दाराच्या?"

"मी भाऊजींच्या बाजूला आहे."

प्रसन्ननं खुर्ची पुढे ओढली. इतका वेळ जे कुणीच उच्चारलं नव्हतं ते तो बोलला. "बाबा, दार फोडलेलं नव्हतं. तेराव्याची वेळ बाहेरच्या कुणाला माहीत नव्हती. चोर मंडळातलाच कुणीतरी आहे. तुम्हाला हे कळतंय ना?"

"म्हणूनच," जगन्नाथ म्हणाला. "नंबर बदलला की मी सगळ्यांना चोर म्हटल्यासारखं होईल. त्या दिवशी हॉलमध्ये जे जे जेवले त्या सगळ्यांना. आजारात महिनाभर हिला ज्यांनी डबे आणून दिले त्यांनाही."

"अँड विथ अ गन?" इला म्हणाली. "आबा, दार उघडंच राहणार असेल तर कोण आलंय हे तुम्हाला कळणार कसं? लाइक, हाऊ डू यू नो हू इट इज?"

"कळतं."

"कसं?"

"इतकी वर्षं कळतंय," जगन्नाथ म्हणाला आणि बूट घालायला उठला. त्याला दोन्ही हवं होतं. दार सुमित्रानं ठेवलं तसं राहायला हवं होतं, आणि डोळ्याला डोळा लागायला हवा होता.

दुकान हायवेच्या कडेला होतं, एका बाजूला गाद्यांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना. इला आणि मालिनी मागे राहिल्या. मालिनी म्हणाली, ती घरी जाऊन हळदीकुंकवाला नेलेलं मंडळाचं पातेलं घेऊन संध्याकाळी परत येईल. हे तिनं दारात उभं राहून, सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं.

दुकानातली बाई डोना नावाची होती, पिकल्या केसांची वेणी घातलेली. विकत घेणारा जगन्नाथ आहे म्हटल्यावर ती त्याच्याशीच बोलू लागली. प्रसन्न मध्ये बोलायचा तेव्हा ती त्याचं ऐकून घ्यायची आणि पुन्हा जगन्नाथकडे वळायची. तिनं आधी विचारलं की खांद्याला काही दुखापत? उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, तो म्हणाला. मग बाराची नको, विसाची बघू, ती म्हणाली. शॉटगनमध्ये आकडा वाढतो तशी नळी बारीक होते, धक्का कमी बसतो. प्रसन्नला बाराचीच हवी होती. घ्यायची तर पूर्ण ताकदीची घ्या, असं त्याचं म्हणणं. डोनानं बाराची जगन्नाथच्या हातात दिली. त्यानं ती खांद्याला लावली आणि नळीचं तोंड हळूहळू खाली गेलं.

"तुझ्या हातात राहील ती ताकदीची," डोना म्हणाली आणि ती काढून घेतली.

विसाची आखूड दस्त्याची होती, दांडा पुढेमागे ओढून भरायची. ती त्याच्या खांद्याला बसली. गाल कुठं टेकवायचा, बोट ट्रिगरवर न ठेवता बाजूला कसं सरळ धरायचं, हे तिनं दाखवलं. दांडा ओढल्याचा आवाज ऐकूनच चोर पळतात म्हणे, असं प्रसन्न म्हणाला. आवाजाच्या भरवशावर राहू नका, ती म्हणाली. मग तिनं एक पांढरा बोर्ड दाखवला, घराच्या भिंतींना असतो तसा. त्याला भोकं होती. छर्रे मोठे असले की असल्या दोन-तीन भिंती पार करतात. घरात कोण कुठं झोपतं?

दीपा इतका वेळ हाताची घडी घालून उभी होती. ती म्हणाली, "माझी मुलगी येते तेव्हा जिन्याच्या डोक्यावरच्या खोलीत झोपते."

डोनानं मान डोलावली. खोलीतच थांबायचं, ती जगन्नाथला म्हणाली. दार लावायचं, पोलिसांना फोन करायचा, शोधायला खाली जायचं नाही. आणि सगळ्यांत आधी मोठ्यानं विचारायचं, कोण आहे. समोर कोण आहे ते दिसल्याशिवाय आणि कळल्याशिवाय बोट आत न्यायचं नाही. मग तिनं सहज विचारलं, घराची किल्ली आणखी कुणाकडे आहे?

"सगळ्यांकडे," जगन्नाथ म्हणाला.

तिला तो विनोद वाटला. दीपाच्या चेहऱ्याकडे बघून ती हसायची थांबली.

विसाची ठरली, सोबत कुलपाची पेटीही. पण ती लगेच हातात मिळत नाही. कायद्यानं तीन दिवस थांबावं लागतं, मंगळवारी फोन करते, असं डोना म्हणाली. प्रसन्नचं विमान सोमवारचं होतं. बाबांबरोबर सराव करायचा तर आजच करायला हवा, असं त्यानं गाडीतच जाहीर केलं.

सरावासाठी बंदूक नव्हती, म्हणून त्यानं गॅरेजमधून मंडळाचा लांब दांड्याचा झारा आणला. दीपा म्हणाली, तुझं डोकं फिरलंय, दादा. तो म्हणाला, पायलटसुद्धा आधी खोट्या विमानात बसतात. त्यानं वडिलांना जिन्याच्या वरच्या पायरीशी उभं केलं. खोलीतच थांबायचं असं डोनानं बजावलं होतं, पण प्रसन्नच्या मते तिथून गॅरेजमधून येणारं दार सरळ दिसत होतं आणि जागा मोक्याची होती. इला मागच्या खोलीत अभ्यास करत होती, दार उघडं ठेवून.

पहिल्यांदा प्रसन्न चोर झाला. वाकून, पाय न वाजवता दारातून आला. जगन्नाथ ओरडला, "कोण आहे?"

"इंग्लिशमध्ये, बाबा."

"चोर आपल्यातला आहे म्हणालास ना?"

खोलीतून इलाचं हसू आलं. दीपालाही हसू आवरेना, आणि ते आवरायला ती बाथरूममध्ये निघून गेली. प्रसन्ननं दुसऱ्यांदा करू म्हटलं आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात वळला. पाच वाजून गेले होते. बाहेर अंधारलं होतं, खालचा दिवा कुणी लावला नव्हता.

तेवढ्यात गॅरेजची मोटर घरघरली.

जगन्नाथनं मनात मोजलं. प्रसन्न खाली. दीपा बाथरूममध्ये. इला मागे. सगळे आत होते. मोटर थांबली. गॅरेजमध्ये कुणीतरी पाय आपटले, मग काही घासत गेल्याचा आवाज. तोच आवाज. दुपारचा. दार उघडलं, काळी आकृती आत आली, पोटाशी काहीतरी मोठं धरलेलं. बोलणं नाही, हाक नाही.

त्यानं काय केलं ते त्याला नंतर एकेक करून आठवलं. झाऱ्याचा दांडा खांद्याला लागला. गाल त्यावर टेकला, डोनानं दाखवला तसा. आणि उजव्या हाताचं बोट बाजूला सरळ राहिलं नाही. ते आत वळलं आणि पुरतं मिटलं.

खालचा दिवा लागला. जांभळ्या कोटात, हातात पातेलं घेऊन मालिनी उभी होती. तिनं वर पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "भजी तळताय का?"

प्रसन्न खो खो हसला. इला धावत बाहेर आली, आजोबांच्या हातातला झारा बघून तीही. दीपा बाथरूममधून आली तेव्हा सगळे हसत होते आणि जगन्नाथ पायरीवर बसला होता. तिनं त्याच्या हातातून झारा काढून घ्यायचा प्रयत्न केला. त्याची बोटं सुटेनात.

"बाबा?"

"मी विचारलं नाही," जगन्नाथ म्हणाला.

"काय नाही विचारलंत?"

"कोण आहे ते. मी विचारलंच नाही."

प्रसन्नचं हसू ओसरलं. तो जिना चढून अर्ध्यावर आला. "प्रॅक्टिस होती, बाबा. यू डिडन्ट नो."

"मला ठाऊक होतं ती येणार आहे ते. सकाळी तिनं सांगितलं होतं. हिच्या पायांचा आवाज मला ठाऊक आहे. हा कोट ठाऊक आहे, मीच घेतलेला." त्यानं झारा पायरीवर ठेवला. "बोट आत गेलं, प्रसन्न."

'मी सांगितलं होतं ना,' असं दीपा म्हणाली नाही. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि खाली गालिच्याकडे बघत राहिली. प्रसन्न तिथंच अर्ध्यावर उभा होता. वर येववेना आणि खाली जाववेना, असा.

मग जगन्नाथनं मालिनीकडे पाहिलं. त्याच्या बोलण्यात राग होता आणि तो त्याला आवरत नव्हता. "तू हाक का नाही मारलीस? इतकी वर्षं या दारातून ओरडत आलीस. आजच काय झालं?"

"आजच नाही, भाऊजी." मालिनीनं पातेलं जमिनीवर ठेवलं. "काय हाक मारू? माझ्या तोंडात ताईच बसलंय. तेराव्याला एकदा तोंडून गेली, सगळे कसे गप्प झालात. त्यानंतर या दारात आले की माझे ओठ उघडत नाहीत. आणि मी एकटी नाही. ती चारुता, मंडळात येते ती, युनिव्हर्सिटीतली, परवा हेच सांगत होती. सगळे हल्ली मांजराच्या पावलांनी येतात, पातेली ठेवतात आणि जातात. घरात दुःख आहे, काकांना कशाला उठवायचं, म्हणून. काकू म्हणून ओरडायची सवय, ती काकू नाही. मग ओरडायचं कुणाच्या नावानं?"

जगन्नाथ गॅरेजच्या दाराकडे बघत होता. दुपारची ती घरघर, ते हलणं, ती सरकलेली पातेली, सगळं त्याच्या मनात जागेवर जाऊन बसलं. चोर येतच नव्हता. हे लोक येत होते, त्याला त्रास होऊ नये म्हणून.

"पण एकदा तर चोर आला होता," प्रसन्न हळूच म्हणाला.

"आला होता," जगन्नाथ म्हणाला.

रविवारी बराच खल झाला. प्रसन्न म्हणाला, कॅमेरा लावू, कोण आलंय ते फोनवर दिसेल. दीपा म्हणाली, नंबर बदलू आणि नवा नंबर मंडळाच्या कमिटीतल्या चौघांनाच देऊ. शॉमबर्गचं नाव तिनं काढलं नाही, आणि बंदूक नको असंही म्हटलं नाही, ते आता प्रसन्नच म्हणत होता. म्हणजे तो म्हणत होता की मी तुमच्यावर सोपवतो. पण सोमवारी विमानतळावर जायला निघताना त्यानं वडिलांना मिठी मारली आणि कानाशी म्हणाला, "घाई करू नका, बाबा." इलाचं म्हणणं, सगळ्यांनी आल्यावर नुसतं आबा म्हणावं, सिंपल. मालिनी म्हणाली, मी मेव्हणी आहे, मी आबा म्हणायचं? भाऊजी म्हणून गॅरेजातून ओरडले तर शेजारचे पोलीस बोलावतील.

मंगळवारी डोनाचा फोन आला. बंदूक तयार आहे, कधीही या, असा निरोप होता. जगन्नाथनं तो ऐकला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

दुपारी मोटर घरघरली. छाती तशीच उडाली, सगळं कळलेलं असूनही. तो खुर्चीतून उठला आणि गॅरेजच्या दाराशी जाऊन उभा राहिला. पलीकडे कुणीतरी पातेलं ठेवत होतं, आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू. त्याला फक्त विचारायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. त्या घरात तो प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता, तो विचारणारी स्वयंपाकघरात असायची. शब्द आला नाही. मोटर पुन्हा घरघरली आणि दार खाली गेलं.

थोड्या वेळानं तो गॅरेजमध्ये गेला. पातेलं स्वच्छ धुतलेलं होतं. आत तिळाच्या वड्यांचा डबा होता, वर कुणाचं नाव नव्हतं. त्यानं पातेलं उचलून इतरांवर ठेवलं आणि डबा आत आणला.

बंदूक दुकानातून आणायची राहिली होती. नंबर बदलायचा राहिला होता. आणि त्या दारातून आत येणाऱ्यानं आता काय हाक मारायची, तेही ठरायचं राहिलं होतं.